ताप नाही, नुसती कणकण

सोमवारची सकाळ होती आणि मी वाल सोलायला बसले होते. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की सालं सैल होतात, बोटाने जरा दाबलं की डाळिंबी बाहेर उडी मारते. मात्र पाणी गार व्हायच्या आत उरकावं लागतं. ह्यांनी चष्मा कुठे आहे ते विचारलं, मी डोक्यावर आहे म्हणून सांगितलं, मग ह्यांनी डोक्यावर कुणी ठेवला ते विचारलं. गॅसवर दूध होतं. आमच्याकडे विरारला सोमवारी सकाळी हमखास लाइट जाते, तशी ती गेलेली होती, म्हणून बेल वाजली नाही. दार वाजलं.

एकदाच. पुन्हा वाजवायचा धीर नसल्यासारखं.

दारात अक्षदा. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहते, आगाशीच्या बाजारातल्या मेडिकलमध्ये काउंटरवर असते. या वेळेला ती दुकान उघडायला निघालेली असायची, वेणी घट्ट, ओढणीला पिन. आज किल्ल्यांचा जुडगा हातात होता, पण पायात घरातल्या सपाता होत्या.

"काकू, माझा पेपर आहे का तुमच्याकडे?"

"कसला पेपर गं?"

"ट्रेनिंगचा. मी काय लिहिलं होतं ते बघायचंय."

"आत तर ये."

"सरोजिनीकाकी आयसीयूत आहे," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "मी गोळ्या दिल्या तिला."

तिला आत घेऊन खुर्चीत बसवलं. दूध उतू गेलं ते ह्यांनी पाहिलं आणि, संसारात पहिल्यांदाच असेल, काही न विचारता गॅस बंद केला.

अक्षदा मूळची वटारची. वडिलांची पानवेलींची वाडी, थोड्या केळी. घरात शिकलेली ही पहिली. तिला नर्स व्हायचं होतं. वडील म्हणाले, रात्रपाळी नको, मेडिकल घे, सावलीतलं काम आहे. म्हणून डी.फार्म. केलं. लग्न होऊन विरारच्या फ्लॅटमध्ये आली, तरी नोकरी तिने आगाशीला धरली, कारण तिथे वटारची माणसं येतात. ती माणसं औषधाचं नाव सांगत नाहीत. "ती मागच्या वेळची गुलाबी," म्हणतात, आणि अक्षदाला मागची वेळ आठवते. मालक देवेंद्रशेठ सगळ्यांना सांगतात, माझ्या दुकानाला कॉम्प्युटर आहे पण चालते ती अक्षदा.

तिची एक आत्या होती. आत्याच्या छातीत गाठ झाली. घरात तिला गाठसुद्धा कुणी म्हणत नसे, "आत्याचं ते" म्हणत. आत्या हळदीचा लेप लावायची आणि दुखलं की कुणाला तरी मेडिकलमध्ये पाठवायची. वर्षभर एका दुकानातून दुखण्याच्या गोळ्या जात राहिल्या. देणाऱ्याने कधी विचारलं नाही की एवढ्या गोळ्या कुणाला लागतात आणि कशाला. आत्या गेली तेव्हा अक्षदा कॉलेजात होती. त्या दुकानदाराविषयी ती फारसं बोलत नाही, पण त्याच्या दुकानावरून रिक्षा जाते तेव्हा तोंड दुसरीकडे करते, हे मी स्वतः पाहिलंय.

म्हणून मागल्या हिवाळ्यात एका छोट्या संस्थेने मेडिकलमधल्या माणसांसाठी कॅन्सरच्या प्राथमिक देखभालीचं ट्रेनिंग ठेवलं, तेव्हा पहिलं नाव तिने दिलं. डॉक्टर ज्ञानदा हे सगळं बघतात. त्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची बहीण, त्यामुळे मराठीतले पेपर वाटणं, कुणाला प्रश्न कळला नाही तर समजावणं, नंतर तपासणं, ही कामं माझ्याकडे आली. ट्रेनिंगच्या आधी एक पेपर, नंतर एक, आणि काही महिन्यांनी फोनवर प्रश्न विचारायचे, शिकवलेलं टिकलं का ते पाहायला. गठ्ठे माझ्याच कपाटात होते.

दोन रविवार हॉलमध्ये वर्ग चालले. बाकीचे जेवणाच्या सुट्टीची वाट पाहायचे. अक्षदा हात वर करून करून डॉक्टरांना बेजार करायची. केमो घेतलेल्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतूंशी लढायला सैन्यच उरत नाही, अशा वेळी ताप आला तर तो साधा ताप नव्हे, लगेच दवाखाना, हे डॉक्टरांनी फळ्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं. तापाची गोळी देऊन परत पाठवायचं नाही. गोळीने ताप दबतो आणि आतला आजार वाढत राहतो. अक्षदाने ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

ट्रेनिंगनंतर ती बदललीच. तोंडात पांढरा चट्टा घेऊन मलम मागायला आलेल्या एका माणसाला तिने मलम दिलं नाही, दवाखान्यात जा म्हणाली. तो भांडला आणि मग गेला. देवेंद्रशेठ हसत म्हणायचे, "अगं, खोकल्याला आलेल्याला तू तोंड उघडायला लावतेस. उद्या लोक म्हणतील आगाशीच्या मेडिकलमध्ये जाऊ नका, तिथे कॅन्सर होतो." पण तिचं सर्टिफिकेट त्यांनीच फ्रेम करून काउंटरमागे लावलं, गणपतीच्या शेजारी.

आणि सरोजिनीकाकी म्हणजे वटारला अक्षदाच्या माहेरची शेजारीण. सोनचाफ्याची वाडी. अक्षदाला लहानपणी न्हाऊमाखू घातलेली. काकींना स्तनाचा कॅन्सर निघाला, मुंबईला केमो सुरू झाली. उलटीच्या गोळ्या, तोंडाला लावायचं औषध, सगळं अक्षदाच्याच दुकानातून जायचं. आत्याच्या वेळी जे झालं नाही ते काकींच्या वेळी होणार, असं अक्षदाने मनाशी धरलं होतं. मला ती एकदा म्हणाली होती, "काकू, ह्या वेळी दुकानात मी आहे."

आता खुर्चीत बसून तिने शुक्रवारचं सांगितलं.

संध्याकाळी शांतारामकाका आले होते, सरोजिनीकाकींचे यजमान. काउंटरवर गर्दी होती, पण काकांना पाहून तिने बाकीच्यांना थांबवलं.

"बाय, कणकणीची गोळी दे गं."

"कुणाला, काका?"

"घरात."

काका बायकोचं नाव घेत नाहीत. घरात म्हणजे काकी, हे अक्षदाला सांगायची गरज नव्हती. शिकवल्याप्रमाणे तिने विचारलं, मोठ्याने, गर्दीतच:

"काका, ताप आहे का काकीला?"

"छे छे. ताप नाही. नुसती कणकण. अंग जरा मोडून आलंय."

"नक्की?"

"अगं ताप असता तर पडून नसती राहिली? फुलं बांधत बसलीय."

अक्षदाला हायसं वाटलं. तिने गोळ्या दिल्या. शनिवारी काका परत आले. "तुझ्या गोळीने उतरली बघ. संध्याकाळी परत वाटली जराशी. अजून चार दे." तिने दिल्या. वर म्हणाली, काकीला सांगा, पाणी भरपूर प्यायचं.

रविवारी दुपारी काकींना हुडहुडी भरली. दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. रिक्षातून वसईला नेईपर्यंत त्या काकांना ओळखेनाशा झाल्या. हे तिला आज सकाळी माहेरच्या फोनवर कळलं.

"पेपर द्या ना, काकू."

मी गठ्ठा काढला. तिचा ट्रेनिंगनंतरचा पेपर शोधायला वेळ लागला नाही, अक्षर ओळखीचं होतं. सातवा प्रश्न. केमो सुरू असलेल्या रुग्णाला ताप आल्यास तुम्ही काय कराल? खाली तिने लिहिलं होतं: गोळी देणार नाही. थर्मामीटर लावायला सांगणार. ताबडतोब दवाखान्यात पाठवणार. शेजारी हिरवी खूण. वर पूर्ण गुण.

तिने ते उत्तर बोट ठेवून ओळीओळीने वाचलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मला वाटलं मी चुकीचं लिहिलं असेल आणि तुम्ही लक्ष न देता खूण केली असेल. चुकीचं लिहिलं असतं तर बरं झालं असतं."

"असं काय बोलतेस."

"मग मी पास कशी झाले, काकू? मला येत होतं ना. लिहिलंय मी. आणि तरी दिल्या." तिने कागद मांडीवर ठेवला. "मी तेच दुकान झाले. आत्याचं."

बोलण्यासारखं होतं ते मला तेव्हाच दिसलं होतं, पण ते बोलून तिचं दुःख हलकं होणार नव्हतं. आपल्याकडे पुरुषाला नव्याण्णव झाला की ताप येतो. बाईला एकशेदोन झाला तरी कणकण असते. ताप म्हटलं की अंथरूण धरावं लागतं, चूल थंड पडते, कुणाला तरी रजा टाकावी लागते. कणकण म्हटलं की गोळी घेऊन उभं राहता येतं. माझी आई आयुष्यभर कणकणीतच होती. सासूबाई कणकणीला कसर म्हणायच्या. सरोजिनीकाकींनी काकांना खोटं सांगितलं नव्हतं, काकांनी अक्षदाला खोटं सांगितलं नव्हतं, आणि अक्षदाने विचारायचं ते विचारलं होतं. सगळे खरं बोलले आणि बाई आयसीयूत गेली.

"मला तिकडे जायचंय," अक्षदा म्हणाली. "एकटीला जमणार नाही. काका विचारतील ना."

ह्यांनी दुकानाच्या किल्ल्या देवेंद्रशेठकडे पोचवायचं कबूल केलं. वाल तसेच गार पाण्यात राहिले. आम्ही रिक्षा केली.

रस्त्यात ती काय बोलायचं ते जुळवत होती. काका, मला माफ करा. नको, हे सिनेमातलं वाटतं. काका, ती गोळी मी द्यायला नको होती. हे बरं. पण मग काका विचारणार, मग दिलीस का? नाळे गावाच्या पुढे ट्रॅफिक तुंबलं तेव्हा म्हणाली, "काकू, मी सांगितलंच नाही तर? त्यांना काय कळतंय." आणि लगेच म्हणाली, "नाही, सांगते."

आयसीयूच्या बाहेर बाकावर शांतारामकाका बसले होते. पांढरा सदरा, पायजम्याला गुडघ्यावर केळीच्या चिकाचा डाग. वाडीतून उठून तसेच आलेले दिसत होते. अक्षदाला पाहून उठले, आणि बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला अभिमानाने म्हणाले:

"ही आमची अक्षू. मेडिकलमध्ये असते. हिच्या गोळ्यांनी दोन दिवस तरी आराम पडला होता हो."

अक्षदा भिंतीला टेकली.

त्या बाईने, रोझमेरी नाव तिचं, गास गावची, नवरा आत होता, अक्षदाला खालून वर पाहिलं. तिच्या मांडीवर जपमाळ होती. ती म्हणाली, "बस बाय, बस. इथे उभं राहून काय मिळत नाय." आणि सरकून जागा दिली.

अक्षदा बसली नाही. "काका, ती गोळी द्यायला नको होती."

"कुठली?"

"शुक्रवारची. शनिवारची पण. गोळीने ताप दबला. आतलं वाढत गेलं. मला शिकवलं होतं, काका, मला माहीत होतं. केमोत ताप आला तर गोळी द्यायची नाही, दवाखान्यात पाठवायचं."

मला वाटलं आता काका ओरडतील. मी पुढे झाले. पण ते हळू, हिशेब लागत नसल्यासारखे म्हणाले:

"पण ताप नव्हताच ना."

"होता, काका."

"तू विचारलंस मला. सगळ्यांच्या देखत विचारलंस. मी नाही म्हटलं." त्यांनी स्वतःचा तळहात उलटा करून पाहिला. "मुंबईच्या डॉक्टरनी पण सांगितलं होतं, ताप आला तर फोन करा. नंबर भिंतीला लावलाय मी. ताप आला असता तर केला असता फोन. ती म्हणाली कणकण आहे. मी कपाळाला हात पण लावला नाही, बाय. चाळीस वर्षं तिला कणकण आहे. कधी हात लावला नाही."

त्यानंतर दोघांपैकी कुणीच कुणाला धीर दिला नाही. काका बाकाच्या एका टोकाला, अक्षदा दुसऱ्या, मध्ये रोझमेरी आणि तिची जपमाळ. काका मध्येच म्हणत, "मीच म्हटलं नाही म्हणून," आणि अक्षदा म्हणे, "मी थर्मामीटर दिलं असतं तर." जणू काकींचं दुखणं कुणाच्या नावावर चढवायचं याची दोघांत ओढाताण चालली होती. शेवटी रोझमेरीच वैतागली. "दोघं जण गप्प बसा बघू. आत ती झुंजते, आणि तुम्ही इथे वाटणी काय करता?"

दुपारच्या सुमारास डॉक्टर बाहेर आल्या. तरुण मुलगी, डोळ्याखाली काळं. रक्तात जंतू पसरलेत, म्हणाल्या. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. अँटिबायोटिक चालू आहे, रक्तदाब औषधावर धरून ठेवलाय.

"वाचेल का?" काकांनी विचारलं.

"आज काही सांगता येत नाही."

"आधी आणलं असतं तर?"

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं, मग अक्षदाकडे, का ते त्यांनाही माहीत नसावं. "आधी आणलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दार आपोआप, अगदी सावकाश मिटलं.

मग काका उठून कोपऱ्यातल्या पाण्याच्या नळाशी गेले आणि पाणी न पिता तिथेच उभे राहिले. अक्षदा मला म्हणाली, "मी नोकरी सोडते, काकू. शेठना सांगते सर्टिफिकेट काढा. ते बघून लोक विश्वास ठेवतात."

"आणि तुझ्या जागी कोण उभं राहील?"

"कुणीतरी."

"तो विचारेल तरी का, ताप आहे का म्हणून?"

मी पुढे रेटलं नाही. तिला समजवायला मी आलेच नव्हते, तिला एकटं जमणार नव्हतं म्हणून आले होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. संस्थेचा हर्षवर्धन. ट्रेनिंगचं मूल्यमापन तो करतो. चांगला पोरगा आहे, सगळ्या गोष्टींची टक्केवारी काढतो. या आठवड्यात सगळ्यांना फोन करून तो प्रश्न विचारत होता, आणि अक्षदा फोन उचलत नाही म्हणून त्याने मला लावला होता.

मी त्याला नंतर कर म्हणणार होते. अक्षदाने हात पुढे केला. "द्या. आत्ताच होऊन जाऊ दे."

ती बोलत होती तेव्हा फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

"मॅडम, पाचच मिनिटं. ट्रेनिंगनंतर कॅन्सरच्या रुग्णांशी बोलताना तुमचा आत्मविश्वास किती वाढला? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूप."

"शून्य आहे का त्यात?"

"नाही मॅडम, एकपासून सुरू होतं."

"मग एक लिहा."

"मॅडम, तुमचे तर पेपरात पूर्ण मार्क आहेत."

"हो. माहीत आहे."

"शिकवलेलं प्रत्यक्ष काउंटरवर वापरायची वेळ आली का?"

"आली."

"काय झालं?"

अक्षदाने आयसीयूच्या दाराकडे पाहिलं. मग तिने सांगितलं, थोडक्यात, कुणाचं नाव न घेता. पलीकडे तो काही लिहीत असावा, मग लिहायचा थांबला.

"रुग्ण आता कसे आहेत?" त्याने विचारलं. तो प्रश्न त्याच्या यादीत नव्हता, आवाजावरून कळत होतं.

"माहीत नाही."

"मॅडम, मला... सॉरी. आपण नंतर बोलू या का?"

"पुढचं विचारा."

"शेवटचाच आहे. तुमच्या काही सूचना? पुढच्या आठवड्यात नालासोपाऱ्याची बॅच आहे. पेपर उद्या छापायला जातोय."

काका नळापासून परत येत होते. रोझमेरीने त्यांच्यासाठी जागा केली. अक्षदाने ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं, आणि काउंटरवर गिऱ्हाइकाला डोस समजावताना जसं एकेक शब्द सुटा करून बोलते, तशी बोलली.

"एकच आहे. पेपरात जिथे ताप लिहिलंय ना, तिथे शेजारी कणकण लिहा."